तीस हॅशटॅग आणि दोन पेट्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात: देवगड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. घरची हापूसची सव्वाशे कलमं. सासऱ्यांच्या काळापासून माल वाशीच्या दलालाकडे जातो, आणि हंगामाअखेर हातात पडणाऱ्या पट्टीत भाडं, हमाली, दलाली वजा होऊन जे उरतं त्यावर वर्ष काढायचं. थेट गिऱ्हाइकाला पेट्या विकाव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी इन्स्टाग्रामवर पान उघडलं. धाकट्या दिरांनी ३० हॅशटॅगची यादी करून दिली, ती त्या प्रत्येक पोस्टखाली चिकटवतात. यंदा एक रील ४१ हजार जणांनी पाहिलं, त्यातून ऑर्डर आली दोन पेट्यांची. मग महिना ४ हजार रुपये देऊन एका मार्केटिंगवाल्याकडून दोन महिने ‘नवे, चालणारे’ हॅशटॅग घेतले. बघणारे वाढले, पेट्या तेवढ्याच राहिल्या. त्यांचे प्रश्न असे: हॅशटॅग नेमके कोणते लावू? मराठीत की इंग्रजीत? किती? आणि आमचं पान इन्स्टाग्रामने मुद्दाम दाबून ठेवलंय का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “सासरे म्हणतात, मोबायलार खंय आंबे इकतत? मला त्यांना खोटं पाडायचं नाही. मला फक्त बाग टिकवायची आहे.” सोबत त्यांनी तीन पोस्टचा मजकूर, आकडेवारीच्या पानाचं चित्र आणि ज्या दोन घरांनी आंबा घेतला त्यांचे मेसेज पाठवले आहेत.

ताई,

आधी त्या दोन पेट्यांबद्दल बोलू. ४१ हजारांचं नंतर बघू.

पहिली पेटी कोथरूडला गेली. त्या बाईंचा मेसेज तुम्ही जसाच्या तसा पाठवलात हे फार बरं केलंत. त्या विचारतात: “देवगडचाच आहे ना? पुण्यात घरपोच मिळेल? अक्षय्य तृतीयेच्या आधी पिकेल का?” दुसरी पेटी मुलुंडला, एका गुजराती कुटुंबाकडे. त्यांनी ‘हाफूस’ मागितला, पाच डझनांचा भाव विचारला, आणि गवतात पिकवलेला हवा असं सांगितलं.

आता दिरांची यादी या दोन मेसेजांशेजारी ठेवा. #लव्ह, #इन्स्टागुड, #फॉलोफॉरफॉलो, #वायरल, #एफवायपी, #नेचर, #फूडी, #मँगो, #समर… पुढे आयपीएलसुद्धा आहे. तीस शब्दांत देवगड नाही. पुणे नाही, मुंबई नाही. हापूसही नाही. ज्या दोन घरांनी खरोखर पैसे मोजून आंबा घेतला त्यांच्या तोंडचा एकही शब्द त्या यादीत नाही.

तुम्ही विचारता, कोणते हॅशटॅग ‘चालतात’? या प्रश्नात एक गृहीत धरलेलं आहे की चालणारा म्हणजे गर्दीचा. मला वाटतं तुमची दोन वर्षं तिथेच गेली. गर्दीचा हॅशटॅग म्हणजे जिथे सगळं जग एकाच वेळी बोलतंय ती जागा. तिथे तुमची पोस्ट काही क्षणांत खाली जाते, आणि जी माणसं ती पाहतात त्यांना देवगड कुठे आहे हे ठाऊक नसतं. तुम्ही पाठवलेल्या चित्रात बघणाऱ्यांच्या वरच्या पाच शहरांमध्ये महाराष्ट्रातलं शहर एकच आहे. #मँगो हा शब्द मेक्सिकोचा आंबेवालाही लावतो, फिलिपिन्सचाही, आणि आंब्याच्या रंगाचा ड्रेस शिवणारी बाईही. त्यांच्यापैकी कोणाला तुमची पेटी पोचवणार? अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी तुमच्या रीलखाली ‘इकडे पाठवता का?’ असं विचारलंय, त्यांची ओढ मी समजू शकते. पण भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून जातो तो विकिरण केंद्रात (किरणांचा मारा करून फळातली कीड निकामी करतात तिथे) प्रक्रिया होऊन, निर्यातदारामार्फत. घरून कुरिअरने पेटी धाडता येत नाही. म्हणजे जिथे पेटी जाऊ शकत नाही तिथे पोस्ट गेली, याचा आनंद क्षणभराचा.

#एफवायपीबद्दल एक सांगते, कारण हा प्रश्न मला वरचेवर येतो. ही तीन अक्षरं टिकटॉकच्या ‘फॉर यू’ पानाची. टिकटॉक भारतात जून २०२० पासून बंद आहे. तरी आपल्याकडे आजही इन्स्टाग्रामवरच्या पोस्टखाली तो हॅशटॅग भक्तिभावाने लावला जातो, कारण कोणाच्या तरी यादीतून कोणीतरी उतरवून घेतलेला असतो. तुमच्या मार्केटिंगवाल्याने दिलेल्या ‘नव्या’ यादीतही तो दोनदा आहे. असल्या याद्यांना महिना ४ हजार देऊ नका. हे पैसे पुठ्ठ्याच्या चांगल्या खोक्यांवर घाला.

हॅशटॅग मुळात कशासाठी आला हे पाहिलं की बराच गोंधळ निवळतो. ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना या माणसाने ट्विटरवर सुचवलं की एका विषयावर बोलणाऱ्यांनी शब्दाआधी # हे चिन्ह लावावं, म्हणजे ते बोलणं एकत्र सापडेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ वणवे पेटले, तेव्हा आग कुठवर आली हे एकमेकांना कळवायला लोकांनी ही युक्ती वापरली आणि ती रुजली. इन्स्टाग्रामवर हॅशटॅग २०११ मध्ये आले. वणव्याच्या वेळी तो शब्द लावणाऱ्यांना पसारा नको होता. ज्याला ती बातमी हवी त्याला ती सापडावी, एवढंच हवं होतं.

तुम्हाला हे मी वेगळं काय सांगणार? वाशीला जाणाऱ्या पेटीवर तुम्ही काय लिहिता? बागायतदाराचं नाव, गाव, आतले डझन. गाडीतून पेटी उतरली की हमालाला ती कोणाच्या गाळ्यावर लावायची हे तेवढ्यावरून कळतं. त्या पेटीवर कोणी ‘प्रेम’, ‘निसर्ग’, ‘उन्हाळा’, ‘क्रिकेट’ असं लिहिलं तर सासरे काय म्हणतील? हॅशटॅगचं काम पेटीवरच्या त्या अक्षरांएवढंच आहे. पोस्ट कशाबद्दल आहे हे यंत्राला आणि शोधणाऱ्याला सांगायचं. आत आंबा कसा आहे ते हॅशटॅग ठरवत नाही, आणि पेटी उचलायला माणूसही धाडत नाही.

खुद्द इन्स्टाग्राम हेच सांगत आलं आहे. पूर्वी एका पोस्टला ३० पर्यंत हॅशटॅग लावायची मुभा होती म्हणून ‘तीसच्या तीस भरा’ असा समज पसरला. पण २०२१ मध्येच इन्स्टाग्रामने तीन ते पाच पुरेत असा सल्ला दिला होता. तिथले प्रमुख अ‍ॅडम मोसेरी तर वारंवार सांगतात की हॅशटॅगने पोस्टचा पल्ला फारसा वाढत नाही, विषय कळायला मदत होते. एखादा हॅशटॅग ‘फॉलो’ करायची सोयही डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी काढून टाकली. म्हणजे कोणीतरी #हापूसला धरून बसलंय आणि तुमची पोस्ट आपोआप त्याच्यापुढे जाईल, हा जुना हिशोब राहिला नाही. आता माणसं वरच्या खिडकीत शब्द टाकून शोधतात, आणि तो शोध तुमच्या मजकुरातले शब्द, पानाचं नाव, ठिकाण हे सगळं बघतो. हॅशटॅग त्यातला एक भाग.

मग तुमचं पान दाबून ठेवलंय का? मला तसं दिसत नाही. दाबलेल्या पानाचं रील ४१ हजार लोकांपर्यंत जात नाही. काही हॅशटॅग मात्र इन्स्टाग्राम झाकून ठेवतं, कारण त्यांच्याआड भलतंसलतं टाकलं जातं. कुठलाही नवा हॅशटॅग लावण्याआधी एकदा तो शोधून पाहा, पोस्टच दिसत नसतील तर सोडून द्या. आणि तीच यादी जशीच्या तशी प्रत्येक पोस्टखाली चिकटवणं आजपासून बंद. आंबापोळीच्या पोस्टखाली आणि मोहोराच्या पोस्टखाली एकच शब्द कसे असतील?

मराठी की इंग्रजी, या प्रश्नावर मात्र मला जरा थांबायचंय. इथे आपल्या भाषेचे काही खास खाचखळगे आहेत आणि इंग्रजीतून आलेल्या सल्ल्यात त्यांचा पत्ता नसतो.

तुमच्या दुसऱ्या पोस्टमध्ये वाक्य आहे: “आमच्या #बागेतल्या #हापूसला यंदा #मोहोर छान आलाय.” वाक्य गोड आहे. पण #हापूसला हा यंत्राच्या लेखी हापूस नाही, तो निराळाच शब्द आहे. ‘हापूसला’ असं कोण शोधणार? आपली विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे वाक्याच्या मध्ये हॅशटॅग टाकला की मूळ शब्द हरवतो. वाक्य वाक्यासारखं लिहा आणि हॅशटॅग शेवटी, मूळ रूपात लावा: #हापूस, #मोहोर.

मग जोडाक्षरं आणि जागा. तुम्ही #देवगड-हापूस असं मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलंय. रेघ आली की हॅशटॅग तिथेच तुटतो, उरतं नुसतं #देवगड. मोकळी जागा सोडली तरी तेच. जोडून लिहा, नाहीतर खालची रेघ द्या: #देवगड_हापूस. इंग्रजी हॅशटॅगमध्ये प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढतात, त्यामुळे अंध व्यक्तींना वाचून दाखवणारं यंत्र शब्द नीट सुटे करतं. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, म्हणून लांब हॅशटॅगला खालची रेघच बरी पडते. पोस्ट टाकल्यावर हॅशटॅग शेवटच्या अक्षरापर्यंत निळा झालाय का बघा आणि त्यावर एकदा बोट ठेवा. #कैऱ्यासारख्या शब्दांत तर हे कराच. तो ‘ऱ्य’ वेगवेगळ्या कीबोर्डवर दोन तऱ्हांनी उमटतो. डोळ्यांना सारखा दिसला तरी यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. तुमच्या आणि शेजारच्या वहिनींच्या कैऱ्या दोन वेगळ्या खोल्यांत गेल्या, असं होतं ते.

शुद्धलेखनाचंही तसंच. ‘हापूस’ दीर्घ, पण ‘हापुस’ लिहिणारेही ढिगाने आहेत. रोमन लिपीत तर विचारूच नका: कोणी एक ए लिहितं कोणी दोन, कोणी यू तर कोणी दोन ओ. मुलुंडचं कुटुंब ‘हाफूस’ म्हणतं. त्या घरात हाच शब्द बरोबर आहे. मुंबईतली बिगरमराठी माणसं ‘अल्फान्सो’ शोधतात. या सगळ्यांच्या मागे धावू नका. देवनागरीत दीर्घ ‘हापूस’ एकच धरून चला, तोच खोक्यावर, तोच पानाच्या नावात. रोमन लिपीत तुमची स्वतःची गिऱ्हाइकं जे स्पेलिंग सगळ्यात जास्त वापरतात ते एक. ते कसं कळणार? व्हॉट्सअ‍ॅप उघडा आणि मागच्या दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्यांचे मेसेज वाचा. एका दुपारचं काम आहे. त्यांनी आंब्याला काय म्हटलं, गावाचं नाव घेतलं की जिल्ह्याचं, ‘पेटी’ म्हणाले की ‘बॉक्स’, हे वहीत उतरवा. तुमचे हॅशटॅग त्या वहीतून निघतील.

माझ्या मते पुण्याला जाणाऱ्या पेट्यांच्या पोस्टखाली एवढे पुरेत: #देवगडहापूस, तोच रोमन लिपीत, #हापूसआंबा, #पुणे_आंबा, आणि तुमच्या बागेच्या नावाचा एक. मुंबईची खेप असेल त्या दिवशी पुण्याच्या जागी मुंबई, आणि रोमनमध्ये अल्फान्सो. जिथे पेटी पोचत नाही त्या शहराचं नाव लावायचं नाही. पाडव्याच्या आधी पाठवणीच्या खास पेट्या असतील तर #गुढीपाडवा जरूर लावा, नसतील तर नको. आयपीएल तर कधीच नको. अशा परक्या हॅशटॅगमध्ये शिरणं म्हणजे दुसऱ्याच्या मांडवात जाऊन आपली पाटी लावणं. आणि एखाद्या अपघाताचा, पुराचा शब्द लोकांच्या तोंडी आहे म्हणून कोणी तो लावायला सांगितलं, तर त्या माणसाचं पुढे काहीच ऐकू नका.

आता एक थोडं कडू बोलते. तुमच्या यादीत #ऑरगॅनिक आहे. पण तुम्हीच पत्रात लिहिलंय की तुडतुडा ही कीड आणि भुरी हा रोग यांमुळे यंदा मोहोराला पाच फवारण्या कराव्या लागल्या. ताई, मग हा शब्द काढा. तुम्ही फसवायला लावला नाही हे मला कळतं, दिरांच्या यादीत होता म्हणून आला. पण हॅशटॅग हे विधान असतं. कोथरूडच्या बाई उद्या विचारतील, ‘फवारणी करत नाही ना?’ आणि तुम्हाला खोटं बोलता येणार नाही. भौगोलिक मानांकनाचंही (जीआय, म्हणजे अमुक भागातलाच माल अशी सरकारी नोंद) असंच. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला ते मिळालं, पण ते नाव अधिकृतपणे मिरवायचं तर बागायतदाराने स्वतःची नोंदणी करून घ्यावी लागते. तुमची नोंदणी झालेली नाही असं दिसतं. यंदाच्या पावसाळ्यात ते काम हाती घ्या. कर्नाटकचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपवला जातो याचा तुम्हाला राग आहे, पत्रात तो पानभर आहे, आणि तो रास्त आहे. #देवगडहापूस शोधलं की त्यात तसला माल दिसणारच. हिवाळ्यात #हापूस शोधलं तर मलावीचाही आंबा दिसेल, तो नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीला येतो आणि विकणारे तो मलावीचा म्हणून सांगतातही. या गर्दीत तुमचं वेगळेपण दाखवायला हॅशटॅग अपुरा आहे. नोंदणी, कलमाखाली उभं राहून काढलेलं चित्र आणि तोडणीची तारीख हे तिथे बोलतं.

‘कार्बाइडमुक्त’ लावू का, असंही विचारलंत. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा ते न वापरणं ही काही जाहिरात होऊ नये असं मला वाटतं. त्यापेक्षा कसा पिकवता ते लिहा. गवत, अढी (गवतात थर लावून आंबा पिकत घालणं), किती दिवस. हे हॅशटॅगमध्ये कोंबायचं नाही, मजकुरात लिहायचं.

मजकूर हीच तुमची खरी अडचण आहे. मोहोराचं ते एक वाक्य सोडलं तर तुमच्या तिन्ही पोस्टचा मजकूर जवळजवळ एकच आहे: “फ्रेश मँगोज अव्हेलेबल. प्राइससाठी डीएम करा.” खाली तीस हॅशटॅग. ज्या माणसाला पेटी हवी आहे त्याला यातून काय कळलं? कुठला आंबा, केवढं फळ, किती डझन, कधी निघणार, कुठे पोचणार, भाव काय? यातलं काहीच नाही. भाव विचारायला संकोच वाटणारी माणसं पुष्कळ असतात, ती पुढे जातात. मी तो मजकूर असा लिहून पाहिला:

“देवगडचा हापूस, आमच्याच बागेतला. पाच डझनांची पेटी, फळ २२० ते २५० ग्रॅम. बुधवारी तोडणी, गुरुवारी गाडी, शनिवारी पुण्यात घरपोच. भाव खाली लिहिलाय, त्यात गाडीभाडं आलं. आंबा कच्चा येईल. गवतासकट अंधाऱ्या जागी ठेवा, पाच-सहा दिवसांत वास सुटेल. साका, म्हणजे आत खराब झालेला गर, निघाला तर फोटो पाठवा, फळ बदलून देऊ.”

ही शेवटची ओळ तुमच्याच पत्रातून घेतली. साका बाहेरून दिसत नाही म्हणून तुम्ही कोथरूडला दोन फळं बदलून दिलीत, आणि ते जगाला सांगितलं नाहीत! या मजकुरात देवगड, हापूस, पेटी, पुणे, घरपोच हे सगळे शब्द आपोआप आले आहेत. शोधणाऱ्याला तुम्ही यावरूनच सापडाल. प्रोफेशनल खात्यांच्या खुल्या पोस्ट आता गूगलच्या शोधातही येऊ शकतात, तिथे तर असा मजकूर दुप्पट उपयोगी. यावर पाच हॅशटॅग लावायला दोन मिनिटं पुरतात. खरं सांगायचं तर या कामाला त्याहून जास्त वेळ देऊच नये.

तुमच्या बागेच्या नावाचा हॅशटॅग घ्या म्हटलं, त्याचं कारण वेगळं आहे. तो शोधून कोणी नवा माणूस यायचा नाही. तो जुन्या गिऱ्हाइकांसाठी. आधी शोधून बघा की दुसरं कोणी तो वापरत नाही. मग पेटीत घालायच्या चिठ्ठीवर छापा: ‘आमरसाचा फोटो टाकलात तर हा शब्द लावा.’ पहिल्या वर्षी चार फोटो येतील, पुढच्या वर्षी पंधरा येतील. मग नव्या माणसाने ‘खात्री काय?’ विचारलं की त्याला तो शब्द दाखवायचा, आतमध्ये दुसऱ्यांच्या घरातली ताटं दिसतील. मेसिनाच्या मूळ कल्पनेच्या सगळ्यात जवळचा वापर हाच.

बाकीच्या ठिकाणांचं पटकन सांगते. व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला हॅशटॅग लावून पल्ला वाढत नाही, ते तुमच्या ओळखीतल्यांनाच दिसतं. पण तुमच्या धंद्यात स्टेटस इन्स्टाग्रामपेक्षा जास्त कामाचं आहे, ते रोज लावा. यूट्यूबवर शीर्षकाजवळ मोजकेच हॅशटॅग दिसतात, तेव्हा तिथेही विचार करून थोडेच लावा. फेसबुकवर पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचे, भिशीचे, वसाहतींचे गट असतात. तिथे हॅशटॅगपेक्षा गटातल्या एका माणसाने ‘यांच्याकडून घेतला, चांगला निघाला’ म्हणणं मोलाचं.

आता कदाचित तुम्हाला ऐकायला आवडणार नाही असं एक. सुरुवातीची पन्नास घरं हॅशटॅगवरून येत नाहीत. ती माहेरच्या नात्यातून, मुंबईतल्या चाकरमान्यांकडून, नणंदेच्या ऑफिसातून येतात. तुमच्या शेजारच्या गावातल्या ज्या बागायतदारांचं पान ‘जोरात चाललंय’ असं तुम्ही लिहिलंत, त्यांची गिऱ्हाइकं कुठून आली हे त्यांना विचारलंत का? विचारा. पानावर दिसतात ते हॅशटॅग, मागचं सगळं दिसत नाही. तुम्हीही वही ठेवा: नाव, शहर, किती डझन, आणि ‘आमचं नाव कुठून कळलं?’ हा एक प्रश्न. हंगामाअखेर त्या वहीची बेरीज तुम्हाला जे सांगेल ते कुठल्याही आकडेवारीच्या पानापेक्षा खरं असेल. ती वही धाकट्या दिरांच्या हाती द्या. त्यांनी ती यादी तुमच्यासाठी रात्री जागून केली होती, असं तुम्ही लिहिलंय. यादी गेली तरी त्यांचा हुरूप जायला नको. पुण्याच्या खेपांचा हिशोब आणि चौकशांना उत्तरं हे काम त्यांना शोभेल.

हे वाचणाऱ्या इतरांनाही दोन शब्द, कारण गोधडी शिवणाऱ्या, फराळ करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या अनेकींची अशीच पत्रं माझ्याकडे आहेत. ‘चालणाऱ्या’ हॅशटॅगची यादी मागू नका. तुमच्या शेवटच्या दहा गिऱ्हाइकांनी तुमच्या वस्तूला काय म्हटलं ते आठवा. येवल्याच्या ज्या ताई हातमागावर पैठणी विणतात त्यांनी नुसतं #पैठणी लावलं तर यंत्रमागाच्या साड्यांच्या ढिगात जातील. #हातमाग_पैठणी लावलं, काठाचं आणि पदराचं नाव घातलं, आसावली, बांगडीमोर, तर जिला त्यातलं कळतं ती थांबेल. सांगलीत दहावीचं गणित शिकवणाऱ्या सरांना #एज्युकेशनचा काय उपयोग? त्यांचे विद्यार्थी सांगलीत राहतात. परदेशात शनिवारी मराठी शाळा भरवणाऱ्यांनी आपल्या शहराचं नाव रोमन लिपीतच लावावं, कारण तिथल्या आईबापांच्या फोनवर देवनागरी कीबोर्ड असेलच असं नाही.

तुमच्याकडे परत येते. हंगाम संपला आहे, घाईचं काही नाही. जुन्या पोस्ट पुसू नका, फक्त वरच्या पाच-सहा पोस्टचा मजकूर बदला आणि हॅशटॅग पाचावर आणा. पावसाळ्यात कलमांना आळी करून खत घालतानाचे, नंतर पालवीचे, थंडीत मोहोराचे फोटो जमवत राहा. आंबा नसतानाही बाग दिसत राहिली की मार्चमध्ये तुम्ही अनोळखी राहत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. आंबा मोबाइलवर विकला जात नाही, माणसावरच्या भरवशावर विकला जातो, हे ते आयुष्यभर पाहत आलेत. तुमच्या पत्रात एक ओळ आहे: ते अढीतला आंबा हातात न घेता, नुसत्या वासावरून कोणता थर आज उतरवायचा हे सांगतात. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना अढीपाशी बसवा, मोबाइल शेजारी ठेवा आणि त्यांना त्यांच्या मालवणीत बोलू द्या: गवत किती, थर किती, तयार फळ कसं ओळखायचं. मिनिटभर पुरे. खाली तीन हॅशटॅग लावा: #देवगडहापूस, #अढी, आणि बागेचं नाव. बागेला अजून नाव ठेवलेलं नसेल, तर ते काय असावं हे त्यांनाच विचारा.